आगमनकाळ घरी कसा पाळता? (चार रविवार, चार मेणबत्त्या आणि दोन कार्टी)

रमेदीची_लेक | 16 नोव्हेंबर 2025, सकाळी 11:20

नमस्कार मंडळी.

माहेर वसईचं, गेली अकरा वर्षं पुण्यात. घरात मी कॅथलिक, नवरा आणि सासूबाई हिंदू, मुलं दोन्हीकडची. गणपती आणि दिवाळी आमच्याकडे दणक्यात होतात. नाताळ मात्र माझ्या वाट्याला आलेला, त्यामुळे तो आळसात निघतो. 24 ला रात्री मिस्सा (चर्चमधली उपासना), 25 ला वसईला आईकडे जेवण, संपलं.

दिवाळीत किल्ला करताना मोठ्याने (वय आठ) विचारलं, "गणपतीच्या आधी आपण मखर करतो, दिवाळीच्या आधी किल्ला करतो, नाताळच्या आधी काय करतो?" मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. नाताळच्या आधी मी ऑनलाइन केक मागवते, हे सांगायला लाज वाटली.

तर या वर्षी आगमनकाळ नीट पाळायचा ठरवलंय. पहिला रविवार 30 नोव्हेंबर, म्हणजे हातात दोन आठवडे आहेत. मला अडलेल्या गोष्टी:

आगमनचक्र (चार मेणबत्त्या लावायचं हिरवं कडं) कशाचं करावं? जांभळ्या मेणबत्त्या आमच्या भागात मिळत नाहीत. फराळ-केकचं वेळापत्रक कसं बसवावं? आणि धाकटा (वय पाच) प्रार्थनेला दोन मिनिटांच्या वर बसत नाही, त्याचं काय?

तुमच्या घरी काय करता ते सांगा. ख्रिस्ती नसलात तरी चालेल, बेकिंगवाले तर हवेतच.

---

तिरपागडा | 11:41

शीर्षक वाचून वाटलं गणपतीच्या आगमन मिरवणुकीचा धागा आहे. डीजेबद्दल चार शब्द सुनवायला आलो होतो. असो, बसतो इथेच. केक कधी?

---

नगरी_मिरची | 12:15

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. 30 नोव्हेंबर हा संत आंद्रियाचा दिवस, त्याला सगळ्यात जवळचा जो रविवार तिथून सुरुवात. दर रविवारी एक मेणबत्ती वाढवायची. आशा, शांती, आनंद, प्रीती असा क्रम आमच्याकडे लावतात.

आम्ही अहमदनगरचे (आता अहिल्यानगर) प्रॉटेस्टंट. घरातली पद्धत साधी. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात 24 अध्याय आहेत, म्हणून 1 डिसेंबरपासून रोज रात्री एक. 24 ला पुस्तक संपतं. लहानपणी मला वाटायचं की लूकने नाताळसाठीच मोजून लिहिलंय. फक्त एक गंमत होते, येशूचा जन्म दुसऱ्याच दिवशी होऊन जातो आणि नाताळच्या आदल्या रात्री तुम्ही पुनरुत्थान वाचत असता. वडिलांना विचारलं तर म्हणायचे, "बरोबर आहे, आधी बाळ कोण होतं ते कळू दे, मग पाळणा हलव."

पाच वर्षांच्या मुलाला अख्खा अध्याय झेपणार नाही. त्याला मेणबत्ती विझवायचं काम द्या. विझवायला मिळणार म्हटलं की पोरं शेवटपर्यंत बसतात.

---

नंदाखाल_नाका | 13:02

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आमच्या लहानपणी वसईत हे चक्र-बिक्र घरात कोणाच्याच नव्हतं. चर्चमध्येसुद्धा नंतर आलं. आगमनकाळ म्हणजे फादरांचा जांभळा झगा, मिस्सेत 'ग्लोरिया' हे स्तुतिगीत बंद, गावात लग्नं बंद आणि घरी संध्याकाळी रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ. लग्नाचा बार उडायचा तो नाताळ झाल्यावर. वाट बघायची म्हणजे खरंच बघायची. आता नोव्हेंबरातच तारे लागतात, 10 डिसेंबरला केक खाऊन संपतो आणि 26 ला झाड माळ्यावर जातं. अहो, नाताळ 25 ला सुरू होतो, संपत नाही.

या हस्तकला सगळ्या इंटरनेटवरून आलेल्या. मुलांच्या नावाखाली आयांचे फोटो.

---

रमेदीची_लेक | 13:30

नंदाखाल, अहो राग कसला, माझी आईही हेच म्हणते, फक्त जास्त मोठ्याने. पण वसईत रोझरीला घरात आठ माणसं होती आणि शेजारच्या घरातूनही आवाज यायचा. इथे मी एकटी "नमो मरिये" म्हणते आणि धाकटा विचारतो, "मम्मी, कोणाशी बोलतेस?"

---

नंदाखाल_नाका | 13:38

हम्म. हे मान्य.

---

श्टुटगार्टची_सई | 14:50

आम्ही ख्रिस्ती नाही, पण नऊ वर्षं जर्मनीत काढल्यावर चारही रविवार आमच्या घरात शिरलेत. या चक्राचा उगम इथलाच. हॅम्बुर्गला योहान हिनरिक विखर्न नावाचे एक पाद्री गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचे. मुलं रोज "नाताळ कधी?" म्हणून जीव खायची. त्यांनी 1839 मध्ये गाडीचं चाक घेतलं आणि त्यावर रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांसाठी छोट्या लाल मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची, किती उरल्या ते मोजायचं. म्हणजे नंदाखाल म्हणतात तसं हे बाहेरून आलेलं आहे खरं, पण इंटरनेटवरून नाही. रमेदी, तुमच्यासारख्याच एका वैतागलेल्या माणसाने काढलेली युक्ती आहे.

इकडे घरोघरी नोव्हेंबरअखेर बिस्किटांचे पत्र्याचे डबे भरायला लागतात. व्हॅनिलाची चंद्रकोर, दालचिनीच्या चांदण्या. माझी शेजारीण (वय 70 च्या पुढे) पहिल्या रविवारी डबा देते, मी तिला दिवाळीच्या उरलेल्या चकल्या देते. ती चकलीलाही नाताळचं बिस्किटच समजते. मी गैरसमज दूर केलेला नाही.

आणि 5 डिसेंबरच्या रात्री मुलं दाराबाहेर बूट पुसून ठेवतात, 6 तारखेला संत निकोलसचा दिवस. बुटात अक्रोड, संत्री, चॉकलेट. वर्षातून एकदा आमच्या घरातले बूट चकाकतात ते त्या रात्री.

---

मावशी_६८ | 15:25

रमेदीची लेक, बाळा, जांभळ्या मेणबत्त्या शोधत फिरू नकोस. साध्या पांढऱ्या आण आणि खाली जांभळी रिबीन गुंडाळ. तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी, तो आनंदाचा रविवार, यंदा 14 डिसेंबर. रिबीन नसेल तर जुन्या साडीचा काठ. पण काठ तळाशीच ठेव, ज्योत तिथवर पोचायच्या आत मेणबत्ती बदल.

मेणात खडू वितळवून रंग द्यायच्या भानगडीत पडू नकोस. त्या खडूचा रंग वातीत अडकतो, मग मेणबत्ती फुरफुरते आणि विझते. मी करून बसले आहे.

चक्राला पितळी परात, त्यात वाळू, वाळूत मेणबत्त्या खोचायच्या. भोवती हिरवं.

---

कळंगुटकार | 16:10

हिरवं म्हणजे सुरू. गोव्यात आणि वसईत नाताळचं झाड म्हणजे पूर्वी सुरूचीच फांदी, ती थर्माकोलच्या बर्फाची प्लॅस्टिकची झाडं आली नंतर. किनाऱ्यावर वाऱ्याने पडलेल्या डहाळ्या वेचायच्या, झाड तोडायचं नाही. पण लक्षात ठेवा, सुरू वाळला की ठिणगीला पेटतो. दर रविवारी हिरवं बदला. पुण्यात सुरू मिळाला नाही तर अशोकाची पानं किंवा कुंडीतलं नेचं चालतं.

आता खरी गोष्ट. 13 डिसेंबरला, संत लुसीच्या दिवशी, आमच्याकडे नाताळच्या गोठ्यासाठी (येशूजन्माचा देखावा) धान पेरायचं. गहू किंवा नाचणी रात्रभर भिजत घालायची, करवंटीत किंवा पसरट डब्यात थोडी माती, वर दाणे दाट पसरायचे, रोज पाण्याचा हात. 24 पर्यंत वीतभर हिरवं गवत तयार होतं आणि तेच गोठ्यातलं कुरण. पोरांना यापेक्षा चांगलं वाट बघणं शिकवणारं काही नाही. रोज सकाळी उठून बघतात.

---

चकलीबाज | 16:22

@कळंगुटकार, अहो हे तर आमचं घटस्थापनेचं धान! परडीत माती, भिजवलेले गहू, नऊ दिवस पाणी, दसऱ्याला टोपीत तुरा.

---

कळंगुटकार | 16:31

तेच की. गहू तोच, पाणी तेच. पुण्याची थंडी असेल तर दोन दिवस आधी पेरा, नाहीतर मेंढ्या उपाशी.

---

रमेदीची_लेक | 17:05

हे वाचून सासूबाई पहिल्यांदाच धाग्यात रस घेत आहेत. म्हणाल्या, "परडी मी देते, माती कुठली घ्यायची ते मला माहितीये." एक खातं मार्गी लागलं.

---

तिरपागडा | 17:09

सगळं छान. केक?

---

मावशी_६८ | 18:40

थांब रे तिरपागड्या.

केकसाठी सुकामेवा आत्ताच भिजवायचा. काळ्या मनुका, बेदाणे, खजूर, टुटीफ्रुटी, संत्र्याची साल, आल्याचा पाक. सगळं मिळून अर्धा किलो बारीक चिरायचं, काचेच्या बरणीत भरायचं, बुडेल इतकी रम. दोनतीन दिवसांनी बरणी उलटीसुलटी करायची. मुलांसाठी बिनरमचा हवा असेल तर संत्र्याचा रस, पण तो आदल्या दोन दिवसांतच भिजव आणि फ्रीजमध्ये ठेव, बाहेर आंबतो.

काळा रंग साखर जाळून येतो. साखर कॉफीच्या रंगावर आली की गॅस बंद आणि गरम पाणी अगदी हळू, लांब उभं राहून. उसळतं ते. एक क्षण जास्त थांबलीस तर कडू, आणि ते कडूपण कितीही साखर घातलीस तरी जात नाही.

ओव्हन आमच्या लग्नात कोणाकडे होता? जाड पातेल्यात वाळू, वर झाकणावर निखारे. नाहीतर मिश्रण घेऊन बेकरीच्या भट्टीवर.

---

चकलीबाज | 18:55

बेकरी! आम्ही मे महिन्यात पत्र्याच्या डब्यातून रवा-मैदा-तूप घेऊन नानखटाई भाजून घ्यायला जायचो. रांगेत दोन तास. तुमचा नंबर नाताळच्या आधीच्या आठवड्यात लागत असणार.

---

नंदाखाल_नाका | 19:20

लागायचा, आणि पहाटे. पावाची भट्टी रिकामी झाली की मग केकचे साचे आत. साच्यावर ओळखीसाठी खिळ्याने खूण करायची. एकदा आमचा साचा दुसऱ्यांकडे गेला, त्यांचा आमच्याकडे. त्यांचा जास्त चांगला झाला होता. आईने कोणाला काही सांगितलं नाही. ती पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट मी आज पहिल्यांदा बोलतोय.

---

नगरी_मिरची | 19:34

हसून हसून पुरेवाट. आगमनकाळ पश्चात्तापाचाही असतो, बरोबर वेळेवर कबुली दिलीत.

आमच्याकडे केक आला उशिरा. नाताळ म्हणजे करंज्या, शंकरपाळ्या, अनारसे, चिवडा. दिवाळीचा फराळ शेजारून येतो, नाताळला आमच्याकडून जातो. आणि कॅरल फेरी म्हणजे ढोलकी, टाळ आणि रेव्ह. ना. वा. टिळकांची भजनं. कडाक्याच्या थंडीत रात्री एक वाजता दारात टाळ वाजले की घरमालक स्वेटरवर शाल ओढून चहा करतो. मुलांना न्यायचंच. झोपेत चालतात, पण आयुष्यभर सांगतात.

---

धूमकेतू | 21:15

प्रामाणिक प्रश्न. विश्वास नसेल आणि फक्त बिस्किटं, मेणबत्त्या उरल्या, तर त्याला आगमनकाळ म्हणायचं का? की तो फक्त डिसेंबरचा प्रकल्प?

---

श्टुटगार्टची_सई | 22:02

माझ्या घरी तो डिसेंबरचा प्रकल्पच आहे, मी नाकारत नाही. मी त्याला आगमनकाळ म्हणत नाही, "मेणबत्तीचा रविवार" म्हणते. साडेचारला अंधार पडतो इकडे. त्या अंधारात सगळे एका टेबलाशी बसतात, मला तेवढं पुरतं.

---

नगरी_मिरची | 22:20

धूमकेतू, मला पुरत नाही, पण सईच्या टेबलाला मी नावं ठेवणार नाही. माझ्या अनुभवात उलट झालंय. आधी हात गुंतले, मग शब्द आले. आम्ही मुलांसोबत इशायाचं (दाविदाच्या वडिलांचं) झाड करायचो. वाळकी फांदी मडक्यात रोवायची आणि रोज पुठ्ठ्याचं एक चित्र टांगायचं: नोहाचं तारू, अब्राहामाचे तारे, याकोबाची शिडी, दाविदाची वीणा. यशयाच्या अकराव्या अध्यायात इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटण्याची गोष्ट आहे, ती फांदी. चित्र कापता कापता मुलगा विचारायचा, "शिडी कोणाची?" मग सांगावंच लागायचं. नुसतं प्रवचन दिलं असतं तर पळाला असता.

---

मावशी_६८ | 17 नोव्हेंबर, सकाळी 7:10

आम्हाला शाळेत सिस्टर गव्हाणीत काडी ठेवायला सांगायच्या. रिकामी गव्हाणी, बाजूला पेंढ्याच्या काड्या. दिवसभरात एक चांगलं काम गुपचूप केलं की एक काडी. 24 पर्यंत बाळासाठी मऊ बिछाना.

---

चकलीबाज | 7:45

आणि कोणी चुकीचं काम केलं तर काडी काढायची का?

---

मावशी_६८ | 7:52

नाही. काढायची नाही. ती सोय ठेवली असती तर आमची गव्हाणी रिकामीच राहिली असती.

---

नंदाखाल_नाका | 9:05

काल जरा तिरकं बोललो, म्हणून आज उपयोगाचं सांगतो. गोठा आधी बांधा, मेंढ्या-गाय-गाढव ठेवा, मरिया-योसेफ लांब कोपऱ्यात, रोज थोडे पुढे सरकवा. पण बाळ ठेवायचं नाही! ते 24 च्या रात्री मिस्सेहून आल्यावर, घरातल्या सगळ्यात लहानाच्या हातून. आमची आजी बाळ तांदळाच्या डब्यात लपवायची. दर वर्षी डबा तोच, दर वर्षी आम्ही न शोधल्याचं सोंग करायचो.

गोठ्याची पद्धत संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात सुरू केली, तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव आणलं होतं. तुम्ही प्लास्टरवर भागवा.

---

रमेदीची_लेक | 1 डिसेंबर, रात्री 9:40

पहिला रविवार पार पडला. परात, वाळू, पांढऱ्या मेणबत्त्या, सासूबाईंच्या जांभळ्या इरकलीचा काठ. हिरवं आईने वसईहून एसटीने पाठवलं, कंडक्टरने विचारलं म्हणे, "आजी, झाडू का?"

धाकट्याला विझवायचं काम दिलं. प्रार्थना चार मिनिटं चालली! मात्र तो पूर्ण वेळ ओठांचा चंबू करून तयारीत होता.

काड्यांची गव्हाणीही सुरू. मोठा हिशोब मागतो: "भाजी आणली म्हणजे एक, पण पिशवी जड होती म्हणजे दोन ना?" गुपचूपचा भाग अजून पोचलेला नाही. बाळ लपवलंय. कुठे ते इथे लिहीत नाही, मोठ्याला वाचता येतं.

---

तिरपागडा | 10:02

बरणी भरली का?

---

रमेदीची_लेक | 10:05

भरली. नवरा रोज "उलटीसुलटी करतो" म्हणून उघडतो. पातळी खाली जातेय.

---

कळंगुटकार | 7 डिसेंबर, दुपारी 4:15

कुलकुलांचं कोणी बोललं नाही अजून. मुलांसाठी तेच काम. अर्धा किलो मैदा, दोन अंडी, पाऊण वाटी पिठीसाखर, दोन चमचे गरम तूप, चिमूट मीठ, लागेल तसं नारळाचं दूध. पीठ घट्टसर मळून तासभर झाकायचं. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, शिंपल्यासारखी वळी पडते. मध्यम आचेवर तळायची, हवं तर साखरेच्या पाकात घोळवायची. ओली फडकी झाकायला विसरू नका, पीठ वाळलं की वळी तळताना उलगडते.

---

मावशी_६८ | 4:40

काट्यापेक्षा नवा कंगवा घ्या, रेघा जास्त सुबक येतात.

---

चकलीबाज | 4:43

नवा. हा शब्द अधोरेखित करावा अशी नम्र विनंती.

---

रमेदीची_लेक | 15 डिसेंबर, रात्री 10:10

काल आनंदाचा रविवार. कबुली देते. गुलाबी रिबीन मिळाली नाही म्हणून मावशींचं न ऐकता मेणात गुलाबी खडू वितळवला. मेणबत्ती फुरफुरली, दोनदा विझली, तिसऱ्यांदा पेटली ती वितळून परातीबाहेर. धाकट्याला विझवायला काही उरलंच नाही, तो रडला. शेवटी पणती ठेवली.

गहू मात्र मस्त. कुलकुलं 212 झाली (मोठ्याने मोजली), त्यातली तीसेक कुलकुलं आहेत, बाकी डायनोसॉर.

---

मावशी_६८ | 10:31

पणती बरी. तेलही उजेडच देतं.

---

नंदाखाल_नाका | 10:50

पणतीवर मी काही बोलणार नाही. मावशी बोलल्या म्हणजे विषय मिटला.

---

रमेदीची_लेक | 24 डिसेंबर, रात्री 8:15

मदत. बाळ सापडत नाहीये.

साबुदाण्याच्या डब्यात ठेवलं होतं, नक्की. डब्यात साबुदाणा आहे, बाळ नाही. मिस्सेला दहाला निघायचंय. गव्हाणीत 87 काड्या आहेत आणि मुलं दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतायत.

---

तिरपागडा | 8:17

खिचडी कधी झाली शेवटची?

---

रमेदीची_लेक | 8:18

असलं बोलू नका हो.

---

नगरी_मिरची | 8:25

शांत व्हा. डबा कोणी उघडला होता? एकादशी झाली ना मध्ये?

---

श्टुटगार्टची_सई | 9:40

सापडलं का? इकडे सगळं टेबल विचारतंय.

---

रमेदीची_लेक | 25 डिसेंबर, रात्री 1:20

सापडलं.

सासूबाईंनी एकादशीला साबुदाणा काढताना बघितलं. त्यांना वाटलं मुलांनी खेळता खेळता टाकलं असेल. देव असा डब्यात कसा ठेवायचा म्हणून देवघरात बाळकृष्णाशेजारी ठेवून दिलं. दहा दिवस तिथे होतं. मी रोज समोरून जात होते, दिसलं नाही, कारण थंडी पडलीय म्हणून त्यांनी त्यालाही बाळकृष्णाची जुनी लोकरीची टोपी घातली होती.

धाकट्याने आत्ता गव्हाणीत ठेवलं. टोपी काढू देत नाहीये. केक उद्या कापतो, मावशी, कडू नाही झाला.

---

मावशी_६८ | 1:24

नाताळच्या शुभेच्छा गं. टोपी राहू दे.

---

तिरपागडा | 1:26

फोटो टाका. केकचाही.